आसू ते हांगझोऊ : भारतीय महिला हॉकी संघाचा चढउतार

१० सप्टेंबर २०२५ रोजी चीनमधल्या हांगझोऊ शहरात महिलांच्या आशिया चषक हॉकी स्पर्धेत भारताची गाठ दक्षिण कोरियाशी पडली. दुसऱ्याच मिनिटाला वैष्णवी फाळकेनं भारताचा पहिला गोल केला. पुढं संगीता कुमारी आणि लालरेमसियामी यांनी एकेक गोल चढवला, कोरियानंही दोन गोल फेडले, आणि सामना संपत आला असताना ऋतुजा पिसाळनं चौथा गोल करून ४-२ असा निकाल पक्का केला. वैष्णवी फलटण तालुक्यातल्या आसू गावची, शेतकरी घरातली. ऋतुजाही सातारा जिल्ह्याचीच. संगीता झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यातली, तर लालरेमसियामी मिझोरमच्या कोलासिबची.

भारताच्या महिला हॉकी संघाचा पन्नास वर्षांचा चढउतार समजून घ्यायचा असेल तर पदकांची यादी पुरत नाही. कोणत्या काळात कोणत्या गावांतून मुली आल्या, त्यांना स्टिक कुठं मिळाली, मैदान कसलं मिळालं आणि नोकरी कुणी दिली, हे पाहिलं की संघ कधी वर का गेला आणि कधी खाली का आला हे उलगडत जातं. सातारा जिल्ह्याचं नाव या नकाशावर अलीकडं आलं आहे, आणि ते ठळक होत चाललं आहे.

खेळाडू घडवणं या मुलखाला नवं नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच वर्षी सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांच्या नेतृत्वाखाली भारतानं मद्रासला इंग्लंडला हरवून पहिला कसोटी विजय मिळवला. बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर सांगलीचे. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव तिरंदाज म्हणून टोकियोला आणि पॅरिसला गेला. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना २ नोव्हेंबर २०२५ रोजी विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला क्रिकेट संघाची उपकर्णधार होती. तालमी, जत्रेतले कुस्तीचे फड, कबड्डी आणि खो-खोची मंडळं यांच्या या प्रदेशात हॉकी मात्र कधी गल्लीतला खेळ नव्हता. महाराष्ट्रातली हॉकी मुंबईत, पुण्याच्या खडकीत, लष्कराच्या आणि रेल्वेच्या वसाहतींत वाढली. म्हणूनच फलटणच्या मुलींची कहाणी वेगळी ठरते.

सुरुवात तशी झोकात झाली होती. महिलांचा पहिला विश्वचषक १९७४ मध्ये फ्रान्समधल्या मांदेलियू इथं झाला आणि भारत चौथा आला. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये महिला हॉकीचा पहिल्यांदा समावेश झाला, तेव्हा रूपा सैनी यांच्या नेतृत्वाखाली भारतानं पुन्हा चौथा क्रमांक मिळवला. बहिष्कारामुळं अनेक बलाढ्य देश मॉस्कोला गेलेच नव्हते. सहाच संघ होते, आणि सुवर्णपदक मिळालं ते ऐन वेळी बोलावलेल्या झिम्बाब्वेला. त्या झिम्बाब्वेशी भारताचा सामना १-१ असा बरोबरीत सुटला होता. पदक किती जवळ होतं याची कल्पना त्यावरून येते.

दोन वर्षांनी, १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत महिला हॉकी प्रथमच आली आणि भारतानं सुवर्णपदक जिंकलं. कर्णधार होत्या पुण्याच्या एलिझा नेल्सन. त्या पिढीच्या मुली प्रामुख्यानं मोठ्या शहरांतल्या, पंजाबातल्या आणि रेल्वेच्या नोकरीतल्या होत्या. वरिष्ठ महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा करंडकही लेडी रतन टाटा यांच्या नावाचा, म्हणजे मुंबईशी नातं सांगणारा. या स्पर्धेवर रेल्वेच्या संघानं दीर्घकाळ हुकमत गाजवली, याचं कारण सरळ आहे : खेळून पोट भरेल अशी नोकरी मुलींना देणारी ती जवळजवळ एकमेव मोठी संस्था होती. नोकरीमुळं घरच्यांचा विरोध मावळे आणि खेळ चालू राही.

१९८२ नंतर मात्र आशियाई स्पर्धेचं सुवर्ण भारतीय महिलांच्या हाती पुन्हा लागलेलं नाही. १९८६ ते १९९८ या सलग चार स्पर्धा दक्षिण कोरियानं जिंकल्या, पुढच्या तीन चीननं. ऑलिंपिकचं दार तर ३६ वर्षं बंद राहिलं. मॉस्कोनंतर भारतीय महिला थेट २०१६ साली रिओला पोहोचल्या आणि बारा संघांत शेवटच्या आल्या.

एवढी मोठी खाच का पडली, याचं एक उत्तर पायाखालच्या जमिनीत आहे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम गवतावर खेळली जाऊ लागली. मातीच्या किंवा गवताच्या मैदानावर चेंडू उसळतो, अडतो, वेग बदलतो. तिथं मनगटाचं कसब आणि चेंडू जवळ ठेवून चकवण्याची हातोटी कामाला येते. पाणी मारलेल्या टर्फवर चेंडू सपाट आणि सुसाट जातो. खेळाडूला कंबरेतून वाकून, स्टिक जवळजवळ जमिनीला समांतर धरून पळावं लागतं. पास लांब होतात, धावणं वाढतं, दमसास जास्त लागतो. युरोपातल्या क्लबांनी आणि कोरिया, चीन, जपाननं अशी मैदानं भराभर तयार केली. भारतात ती तुरळक होती, आणि होती तिथं मुलींची पाळी शेवटी येई. लहानपणी मातीवर शिकलेली मुलगी थेट राष्ट्रीय शिबिरात टर्फवर आली की तिला अर्धा खेळ नव्यानं शिकावा लागे. त्यातच पुरुषांचा आणि महिलांचा कारभार दोन वेगळ्या संघटनांकडे होता. २००९ मध्ये हॉकी इंडिया स्थापन झाल्यावर दोन्ही एका छताखाली आले.

तरी या काळात संघ जिवंत राहिला तो नव्या मुलुखांतून आलेल्या मुलींमुळं. २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेत भारतानं अंतिम सामन्यात यजमान इंग्लंडला ३-२ असं हरवलं. कर्णधार मणिपूरच्या सूरजलता देवी होत्या आणि निर्णायक सुवर्ण गोल हरयाणाच्या ममता खरबनं केला. पुढं ‘चक दे इंडिया’ या चित्रपटाला या विजयातूनच प्रेरणा मिळाली. २००४ मध्ये दिल्लीत जपानला नमवून भारतानं आशिया चषकही जिंकला.

मग हरयाणातल्या शाहाबाद मारकंडा या छोट्या गावाचं नाव झालं. प्रशिक्षक बलदेव सिंग यांच्या कडक शिस्तीच्या मैदानातून राणी रामपाल, नवज्योत कौर, नवनीत कौर अशा मुली राष्ट्रीय संघात आल्या. राणीचे वडील गाडा चालवत. २०१० च्या विश्वचषकात ती खेळली तेव्हा अवघी पंधरा वर्षांची होती. झारखंडच्या खुंटी आणि सिमडेगा, ओडिशाच्या सुंदरगढ या आदिवासी पट्ट्यात हॉकी आधीपासून गावोगाव रुजलेली होती. तिथं गावागावांतल्या स्पर्धांना ‘खस्सी टूर्नामेंट’ म्हणतात, कारण जिंकणाऱ्या संघाला बक्षीस म्हणून बोकड मिळतो. आपल्याकडं जत्रेच्या फडात नारळापासून मानाच्या गदेपर्यंत कुस्त्या लागतात, तसाच तिथं हॉकीला गावाचा आश्रय आहे. निक्की प्रधान, सलीमा टेटे, दीप ग्रेस एक्का या याच पट्ट्यातल्या. बांबूच्या काठ्या तासून केलेल्या स्टिकवर खेळायला सुरुवात केलेली सलीमा पुढं देशाची कर्णधार झाली.

२०१८ पासून ओडिशा सरकारनं पुरुष आणि महिला अशा दोन्ही राष्ट्रीय संघांचं प्रायोजकत्व घेतलं. पैसा आला, परदेशी प्रशिक्षक आले, शिबिरं वर्षभर चालू लागली. २०१७ मध्ये जपानमधल्या काकामिगाहारा इथं चीनला शूटआउटमध्ये हरवून आशिया चषक पुन्हा हाती आला होता. त्यानंतरचा टोकियो ऑलिंपिकचा प्रवास अनेकांनी पहाटे उठून टीव्हीवर पाहिला. पहिले तिन्ही सामने हरलेला संघ बाहेर पडणार असं सगळे धरून चालले होते. मग आयर्लंडवर १-० असा विजय, वंदना कटारियाच्या हॅटट्रिकच्या बळावर दक्षिण आफ्रिकेवर ४-३ असा विजय, आणि २ ऑगस्ट २०२१ रोजी उपांत्यपूर्व सामन्यात गुरजित कौरच्या एकमेव गोलनं ऑस्ट्रेलियाचा पराभव. उपांत्य फेरीत अर्जेंटिनानं २-१ असं रोखलं आणि कांस्यपदकाचा सामना ग्रेट ब्रिटननं ४-३ असा जिंकला. पुन्हा चौथा क्रमांक. पण यावेळी जगातले सगळे मोठे संघ मैदानात होते.

गुरजितचा तो गोल पेनल्टी कॉर्नरवर झाला होता, आणि आधुनिक हॉकीतले कितीतरी सामने याच एका प्रसंगावर फिरतात. बचाव करणाऱ्या संघाच्या गोलरक्षकासह पाचच खेळाडू गोलरेषेमागं उभ्या राहतात. आक्रमण करणारी एक मुलगी गोलखांबापासून १० मीटर अंतरावर, मागच्या रेषेवरून चेंडू बाहेर ढकलते. तो १४.६३ मीटर त्रिज्येच्या ‘डी’च्या बाहेर गेलाच पाहिजे. तिथं दुसरी मुलगी स्टिक आडवी टेकवून तो जागच्या जागी थांबवते, आणि तिसरी तो फटकावते किंवा ड्रॅगफ्लिक करते. थेट फटका मारायचा तर चेंडू गोलपाशी ४६० मिलिमीटरच्या फळीपेक्षा वर जाता कामा नये. ड्रॅगफ्लिकला मात्र ही मर्यादा नाही. म्हणून ड्रॅगफ्लिक करणारी मुलगी पाय फाकवून, शरीर खाली झुकवून चेंडू स्टिकच्या वळणात धरते, फरफटत पुढं आणते आणि कंबर, खांदा, मनगट एका झटक्यात फिरवून गोलच्या वरच्या कोपऱ्यात फेकते. गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच. तोवर बचाव करणाऱ्या मुली थेट फटक्याच्या दिशेनं धावत सुटलेल्या असतात. चेंडू ढकलल्यापासून गोलपर्यंतचा हा सगळा खेळ डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपतो, आणि त्यामागं वर्षानुवर्षांचा सराव असतो. भारतीय महिला संघाची दुखरी नस नेमकी हीच आहे : पेनल्टी कॉर्नर मिळतात, पण खात्रीनं गोल करणाऱ्या मुली मोजक्याच.

फलटणकडं वळायचं ते या टप्प्यावर. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर उसानं हिरवा झालेला, माउलींच्या पालखीच्या वाटेवरचा हा तालुका. शेजारचा माण दुष्काळी, पण धावणाऱ्या मुलांसाठी नावाजलेला. इथल्या मुलींच्या अंगात काटकपणा होता, हॉकी नव्हती. तो सांधा जुळवण्याचं मोठं श्रेय राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीच्या योजनेला द्यावं लागेल. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी पुण्याजवळ बालेवाडीला शिवछत्रपती क्रीडापीठ उभं राहिलं, आणि पुढं तिथं खेळाडूंसाठी निवासी प्रबोधिनी चालू झाली. या योजनेतली निवड पाहण्यासारखी आहे. आठ ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना ‘तू कोणता खेळ खेळतोस’ असं आधी विचारत नाहीत. उंची आणि वजन घेतात, ३० मीटर पळवतात, उभ्या जागेवरून लांब आणि उंच उडी मारायला लावतात, मेडिसिन बॉल फेकायला देतात, दहा मीटरच्या सहा फेऱ्यांची शटल रन, ८०० मीटरची धाव आणि शरीराची लवचिकता तपासतात. या कसोट्यांतून निवडलेल्या मुलांना त्यांच्या शरीरयष्टीला साजेसा खेळ मिळतो. हॉकी कशी असते हे कधी पाहिलेलंही नाही अशी गावाकडची मुलगी या वाटेनं टर्फवर पोहोचू शकते, आणि तेही कोवळ्या वयात, वळण बसण्याआधी. सातारा जिल्ह्यातल्या मुलींसाठी ही वाट महत्त्वाची ठरली.

फलटण तालुक्यातलीच अक्षता ढेकळे आणि वैष्णवी फाळके या दोघी एप्रिल २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या पॉचेफस्ट्रूम इथं झालेल्या ज्युनियर विश्वचषकात भारताकडून खेळल्या. त्या संघाची कर्णधार सलीमा टेटे होती आणि संघ चौथा आला. त्याच वर्षी जूनमध्ये डब्लिनला तेवीस वर्षांखालील पाच देशांची स्पर्धा झाली, तेव्हा भारतीय ज्युनियर संघाचं कर्णधारपद वैष्णवीकडं होतं. २०२३ मध्ये भारताच्या मुलींनी काकामिगाहारा इथंच कोरियाला २-१ असं हरवून ज्युनियर आशिया चषक पहिल्यांदा जिंकला. वैष्णवी आणि ऋतुजा याच पिढीच्या.

वरिष्ठ संघात वैष्णवी बचावात आणि मधल्या फळीत अशा दोन्ही ठिकाणी खेळते. आजच्या हॉकीत सामन्याचे पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग असतात आणि खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात. त्यामुळं मधल्या फळीतली मुलगी काही मिनिटं जीव तोडून पळते, बाहेर येऊन श्वास घेते आणि पुन्हा आत जाते. ज्याला चाहते फारसं मोजत नाहीत ते काम तिचं : प्रतिस्पर्ध्याचा पास मधेच तोडायचा, चेंडू बाजूला वळवायचा, मागं फिरून जागा धरायची. २०२३ मध्ये हांगझोऊच्याच आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या संघात ती होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये बिहारच्या राजगीरला झालेल्या आशियाई चॅम्पियन्स करंडकातही ती खेळली. तिथं अंतिम सामन्यात दीपिकाच्या एकमेव गोलनं भारतानं चीनला नमवलं आणि करंडक राखला.

ऋतुजा आघाडीवर खेळते आणि मोक्याच्या क्षणी गोल करते. २६ जानेवारी २०२५ रोजी रांचीत महिलांच्या पहिल्यावहिल्या हॉकी इंडिया लीगचा अंतिम सामना झाला. ओडिशा वॉरियर्सनं सूरमा क्लबला २-१ असं हरवलं, आणि विजेत्या संघाचे दोन्ही गोल ऋतुजाचे होते. या लीगचं महत्त्व एका करंडकापुरतं नाही. रेल्वेच्या नोकरीवर जगलेल्या एलिझा नेल्सन यांच्या पिढीला खेळाचा थेट मोबदला मिळत नव्हता. आता लिलावात मुलींवर बोली लागते, परदेशी ऑलिंपिकपटूंच्या शेजारी उभं राहून खेळायला मिळतं, आणि दूरच्या गावातल्या पालकांना मुलीला हॉकी खेळू देण्यासाठी एक भक्कम कारण सापडतं.

महाराष्ट्राच्या संघातही हा बदल दिसतो. मार्च २०२४ मध्ये पिंपरीच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर झालेल्या वरिष्ठ महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्रानं अंतिम फेरी गाठली. तिथं तो हरयाणाकडून हरला, पण हरयाणा, झारखंड, ओडिशा, मध्य प्रदेश अशा हॉकीत मुरलेल्या राज्यांच्या गर्दीत शेवटच्या सामन्यापर्यंत जाणं ही मोठी मजल होती.

इतकं असूनही राष्ट्रीय संघाचं गाडं सुरळीत चाललेलं नाही. टोकियोनंतर २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्यपदक मिळालं आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये रांचीत जपानवर ४-० असा विजय मिळवून आशियाई चॅम्पियन्स करंडकही आला. पण त्याच रांचीत जानेवारी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकची पात्रता हुकली. उपांत्य सामन्यात जर्मनीनं शूटआउटमध्ये हरवलं आणि तिसऱ्या जागेसाठीच्या सामन्यात जपानकडून ०-१ अशी हार पत्करावी लागली. अडीच महिन्यांपूर्वी ज्या संघाला चार गोलनं धुतलं, त्याच संघानं ऑलिंपिकचं तिकीट काढून घेतलं. प्रशिक्षक बदलले. जून २०२५ मध्ये प्रो लीगमध्ये भारत तळाला राहिला आणि त्या स्पर्धेतलं स्थान गमावून बसला. जगातल्या अव्वल संघांशी नियमित गाठ घालून देणारी ही स्पर्धा हातून गेली, याची झळ ज्युनियर संघातून वर येणाऱ्या मुलींना सर्वांत जास्त बसते, कारण मोठ्या संघांविरुद्धचे सामने हीच त्यांची खरी शाळा.

आशिया चषकातही कोरियावरच्या त्या विजयानंतर गाडी चीनपाशी अडली. १४ सप्टेंबर २०२५ च्या अंतिम सामन्यात नवनीत कौरनं पहिल्याच मिनिटाला गोल केला, तरी चीननं सामना ४-१ असा जिंकला आणि त्याबरोबर २०२६ च्या विश्वचषकाची थेट जागाही घेतली. चीनचा संघ २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सशी १-१ अशा बरोबरीनंतर शूटआउटमध्ये हरला होता. म्हणजे आशियात जिंकायचं तर आता जगात दुसऱ्या आलेल्या संघाला हरवावं लागतं. राजगीरला भारतानं ते करून दाखवलं होतं. दहा महिन्यांनी हांगझोऊत ते जमलं नाही. ड्रॅगफ्लिक, अंतिम सामन्यातला दम आणि आघाडी मिळाल्यावर सामना हातात ठेवण्याची सवय, या तीन गोष्टींत तफावत उघडी पडली.

हे तिन्ही दोष राष्ट्रीय शिबिरात, बावीस-तेवीस वर्षांच्या मुलींमध्ये पुरते दुरुस्त होत नाहीत. ड्रॅगफ्लिकसाठी लागणारी कंबरेची आणि खांद्याची ताकद तेरा-चौदा वर्षांपासून जाणीवपूर्वक घडवावी लागते. त्यासाठी जिल्ह्याच्या पातळीवर टर्फ, ते ओलं ठेवायला पाणी, मुलींना न लाजता खेळता येईल अशी कपडे बदलण्याची जागा आणि हॉकी कळणारा प्रशिक्षक रोज हजर हवा. शाहाबादला, सिमडेग्याला जे घडलं ते अशा रोजच्या सरावातून घडलं. सातारा-सांगलीच्या शाळांमधून कबड्डी, खो-खो, कुस्ती आणि धावण्याच्या स्पर्धांत दरवर्षी शेकडो चपळ मुली उतरतात. त्यांतल्या काहींच्या हातात दहाव्या-बाराव्या वर्षी स्टिक आली तर वैष्णवी, ऋतुजा आणि अक्षता या तिघींच्या मागं रांग लागायला वेळ लागणार नाही.

महिला संघापुढचं मोठं लक्ष्य ठरलेलं आहे. १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर २०२६ या काळात जपानमध्ये आयची-नागोया इथं आशियाई स्पर्धा योजल्या आहेत, आणि तिथं हॉकीत सुवर्ण मिळवणाऱ्या संघाला २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये थेट प्रवेश मिळतो. दिल्लीत १९८२ साली जिंकलेलं सुवर्ण हेच भारतीय महिलांचं या स्पर्धेतलं आजवरचं पहिलं आणि शेवटचं सुवर्ण आहे.